कॉलेजचा बास्केटबॉल स्टार: एन.बी.ए.त लवकर जावं की थांबावं? (झॅक ईडीच्या निमित्ताने)

वाबॅशकाठी

एन.सी.ए.ए.ची (अमेरिकन कॉलेजांची) बास्केटबॉल स्पर्धा संपली की दरवर्षी आमच्या ग्रुपवर हाच वाद पेटतो: अमक्याने कॉलेज सोडून एन.बी.ए.च्या ड्राफ्टला (जिथे व्यावसायिक संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) नाव द्यावं की आणखी एक वर्ष थांबावं? तिथे दोन ओळींपलीकडे कोणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर इथे मांडतोय. मी एम.एस. केलं ते पर्ड्यू विद्यापीठात, इंडियानातल्या वेस्ट लाफाएटला. तिथल्या मॅकी अरीना स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडलोय, तेव्हा उदाहरणं तिथलीच जास्त येतील.

आधी नियम. २००५ च्या करारापासून अमेरिकन मुलाला ड्राफ्टमध्ये यायचं तर त्या वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात आणि शाळा संपून एक वर्ष गेलेलं असावं लागतं. ड्राफ्टच्या फेऱ्या दोन. पहिल्या फेरीत निवड झाली की पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे: पहिली दोन वर्षं हमीची, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी हमी नाही.

आता झॅक ईडी. टोरांटोचा, उंची ७ फूट ४ इंच. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला लागला तो दहावीच्या सुमारास. २०२० मध्ये पर्ड्यूत आला तेव्हा त्याच्या बॅचच्या क्रमवारीत तो चारशेच्याही खाली होता. दुसऱ्या वर्षी सामन्यामागे जेमतेम १९ मिनिटं मिळायची. तिसऱ्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, सरासरी २२.३ गुण, १२.९ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू हा मान. त्याच मोसमाचा शेवट १७ मार्च २०२३ ला कोलंबसमध्ये झाला. पहिल्या मानांकनाचं पर्ड्यू सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ५८-६३ हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच घडलं होतं, २०१८ ला व्हर्जिनियाच्या बाबतीत. उंचीने सगळ्यात लहान असलेल्या संघाने ईडीभोवती दोघातिघांचं कडं केलं, आणि आमच्या बाकीच्या पोरांनी तीन गुणांचे २६ फटके मारले त्यातले पाचच पडले.

ईडीने ड्राफ्टला नाव दिलं. देशातला सर्वोत्तम खेळाडू, तरी बहुतेक जाणकार त्याला दुसऱ्या फेरीत धरत होते. पाय मंद, बाहेरून शूट करत नाही, जुन्या वळणाचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी), असं सगळं. नाव मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ मे ला, तो परत फिरला. पुढच्या वर्षी सरासरी २५.२ गुण, लागोपाठ दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू (ऐंशीच्या दशकातल्या राल्फ सॅम्पसननंतर हे कोणाला जमलं नव्हतं), पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदाच फायनल फोरमध्ये (स्पर्धेतल्या शेवटच्या चारांत), आणि २६ जून २०२४ ला मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच मोसमात नवोदितांच्या पहिल्या संघात नाव आलं.

माझं म्हणणं असं की "तो एन.बी.ए.साठी तयार आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते हे: पुढचं वर्षभर त्याला मैदानावर उभं कुठे राहायला मिळेल? विशीतल्या खेळाडूचा खेळ मिनिटांवर वाढतो. बाकावर बसून, कितीही मोठ्या संघाचा बाक असला तरी, वाढत नाही. पदवी, निष्ठा, "शिक्षण अर्धवट सोडू नये" हे सगळं त्यानंतर.

तुमची मतं सांगा.

लेखाजोखा

धागा आवडला, निष्कर्ष पटला नाही. ईडीवरून नियम काढू नका.

पैशाचा हिशेब मांडतो. पहिल्या कराराची रक्कम १९९५ पासून तक्त्यात बांधली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी तुमच्या पर्ड्यूचा ग्लेन रॉबिन्सन तिसऱ्या वर्षानंतर कॉलेजातून बाहेर पडला, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि मिलवॉकीकडून दहा वर्षांचे ६ कोटी ८० लाख डॉलर घेऊन मोकळा झाला. एकही सामना खेळण्याआधी! मालक मंडळी हादरली आणि तक्ता आला.

तेव्हापासून खरा पैसा दुसऱ्या आणि तिसऱ्या करारात आहे. कमाल पगार किती मिळणार ते लीगमधल्या वर्षांवर ठरतं. सहा वर्षांपर्यंत पगारमर्यादेच्या (संघाच्या एकूण पगारांवर लीगने घातलेल्या मर्यादेच्या) २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा भरली की ३५. एकोणिसाव्या वर्षी आत गेलेला मुलगा एकोणतिसाव्या वर्षी, ऐन भरात, त्या ३५ टक्क्यांना पात्र होतो. बाविसाव्या वर्षी गेलेला बत्तिसाव्या वर्षी, जेव्हा संघ त्याच्या गुडघ्यांचे एक्स-रे आधी मागवतो आणि मग बोलणी करतो. मधली तीन वर्षं कोणी भरून देत नाही.

कूपर फ्लॅग ड्यूक विद्यापीठात एकच वर्ष खेळला, २०२५ ला डॅलसने पहिल्या क्रमांकावर घेतला, पहिल्या वर्षाचा पगार साधारण १ कोटी ३८ लाख डॉलर. त्याला थांब म्हणायचं ते कशाच्या आधारावर?

सहावा_गडी

लेखाजोखा यांच्याशी सहमत. आणि पैशाच्याही आधी शरीर.

वाबॅशकाठी, तुम्ही ईडी सांगितलात, मी पर्ड्यूचीच आधीची गोष्ट सांगतो. रॉबी हमेल, जजुआन जॉन्सन, इट्वॉन मूर. तिघं एका बॅचचे, तिघंही इंडियानाचीच पोरं. फेब्रुवारी २०१० मध्ये मिनेसोटाविरुद्ध हमेलच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि तो मोसम तिथेच हातचा गेला. जॉन्सन आणि मूर यांनी ड्राफ्टला दिलेलं नाव मागे घेतलं. शेवटचं वर्ष तिघांनी मिळून खेळायचं, राहिलेलं पुरं करायचं. ऑक्टोबरमध्ये सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी हमेलचा तोच गुडघा पुन्हा गेला.

जॉन्सन २०११ ला २७ वा गेला, मूर ५५ वा. हमेल आणखी एक वर्ष थांबला, २०१२ ला ५८ वा. ड्राफ्टमध्ये जागा ६० असतात.

२० फेब्रुवारी २०१९ चा ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना सामनाही आठवा. पहिल्याच मिनिटात झायन विल्यमसनचा बूट फाटला, पाय आतून सरकत बाहेर आला, गुडघा मुरगळला. सुदैवाने तो मुरगळण्यावरच निभावला. पण ज्याची पहिल्या क्रमांकाची निवड जवळपास ठरलेली आहे त्या मुलाचं सगळं भवितव्य एका शिवणीवर लोंबकळताना अख्ख्या देशाने पाहिलं. त्या वर्षी त्याला मिळत होती ती शिष्यवृत्ती. त्या सामन्याची तिकिटं किती डॉलरला विकली जात होती ते आठवा आणि ठरवा.

चॅपलहिलचे_काका

या धाग्यावर बहुतेक सगळे माझ्यापेक्षा लहान दिसताय, म्हणून थोडं जुनं सांगतो.

हा प्रश्न मुळात कोर्टात सुटला. शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय खेळाडू घ्यायचा नाही, असा एन.बी.ए.चा नियम होता. स्पेन्सर हेवूडने तो १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोडून काढला. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या घरातला मुलगा. आईच्या पोटाला आज हवं आणि तुम्ही म्हणता दोन वर्षं थांब, असा तो सरळ प्रश्न होता. लवकर जाण्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी हा माणूस विसरू नये.

दुसरं, आमच्या नॉर्थ कॅरोलिनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ. जेम्स वर्दी १९८२ ला, मायकेल जॉर्डन १९८४ ला, दोघं तिसऱ्या वर्षानंतर गेले आणि दोघांना जा म्हणणाऱ्यांत खुद्द स्मिथ होते. स्वतः एन.बी.ए.च्या संघांना फोन करायचे, हा मुलगा कितव्या क्रमांकावर जाईल ते विचारायचे, आणि वरचा क्रमांक असेल तर पोराला बसवून सांगायचे की आता जा. जॉर्डन थांबला असता तर पुढच्या वर्षी जेतेपदाची आशा स्मिथना होती. तरी सोडला. जॉर्डनने नंतर येऊन भूगोलाची पदवी पुरी केली.

पदवीवरून विन्स कार्टर. तोही तीन वर्षांनी गेलेला, १९९८ मध्ये. राहिलेले विषय उन्हाळ्यांत काढले. पदवीदान समारंभ निघाला २० मे २००१ ला सकाळी, आणि त्याच दिवशी संध्याकाळी फिलाडेल्फियात टोरांटोचा सातवा, निर्णायक सामना. सकाळी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या स्टेडियमवर झगा घालून हजर, तिथून विमानाने फिलाडेल्फिया. शेवटचा फटका त्याच्याच हातात आला, रिंगवर आपटून बाहेर गेला, एका गुणाने हार. अमेरिकेने त्याला महिनोन्महिने झोडपलं. मला तेव्हाही त्याचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. पदवी नंतर घेता येते, फक्त ती घेण्याची इच्छा पक्की हवी, एवढं त्यावरून कळतं.

टिम डंकन उलटा. दुसऱ्या वर्षानंतर गेला असता तरी सगळ्यात वर निवडला गेला असता. पण लहानपणीच वारलेल्या आईला पदवी घेईन असा शब्द दिला होता, म्हणून वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षं काढली आणि १९९७ ला पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचं काही बिघडलं नाही, हे लेखाजोखा यांनी लक्षात घ्यावं.

लेखाजोखा

काका, डंकनचं बिघडलं नाही कारण तो डंकन होता, आणि गुडघाही शाबूत राहिला. दोन वर्षांत काही झालं असतं तर हीच गोष्ट आपण हळहळत सांगितली असती. बाकी हेवूडबद्दल लिहिलंत त्याला मनापासून दाद.

एफवन_ते_एचवन

एक महत्त्वाची बाजू राहतेय, आणि ती आपल्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभा मिळाली. जाहिराती, सह्या, कॅम्प, सगळं. ईडीच्या संघातल्या अमेरिकन मुलांना ते खुलं होतं. ईडी कॅनडाचा, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर! तुम्ही-आम्ही ज्यावर आलो तोच. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, आणि बाहेर जाहिरातीचं काम करायला गेलं की स्टेटस धोक्यात. मी डायनिंग हॉलमध्ये ट्रे घासले आहेत. त्यामुळे देशातला सर्वोत्तम खेळाडू आणि मी कागदावर एकाच रांगेत उभे होतो, याचं मला फार वाटायचं.

म्हणून २०२३ मधला त्याचा निर्णय जास्त मोठा. त्याच्या जागी अमेरिकन मुलगा असता तर "थांब, कॉलेजातही पैसे आहेत" हे सांगणं सोपं होतं. ईडीला ते पैसे सहकाऱ्यांसारखे घेता येत नव्हते, तरी तो थांबला. डिसेंबर २०२३ मध्ये पर्ड्यू अलाबामाविरुद्ध टोरांटोला खेळलं, तेव्हा घरच्या लोकांसमोर त्याने ३५ गुण टाकले. सामना जिंकल्यावर त्याचा चेहरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

बॅकबोर्ड

व्हिसाचा मुद्दा काढलात ते बरं झालं, कारण त्याच व्हिसावरचा दुसरा खेळाडू तुमचं गणित चुकवतो.

ऑस्कर शिबवे. काँगोचा, केंटकी विद्यापीठात. २०२१-२२ मध्ये सरासरी १७.४ गुण आणि १५.१ रिबाउंड, देशातला सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे ईडीच्या बरोबर एक वर्ष आधी. त्याच्याही संघाला स्पर्धेत पहिल्याच फेरीत सेंट पीटर्सने घरी पाठवलं, मानांकन पंधरावं. त्यालाही सांगितलं गेलं की एन.बी.ए.ला तुझ्यासारखे नको आहेत. तोही परत आला. उन्हाळ्यात संघ बहामाला गेला तेव्हा देशाबाहेर असल्याचा फायदा घेऊन जाहिरातीची कामं उरकून घेतली, तेवढी सोय झाली.

आणि मग? दुसऱ्या वर्षी सामन्यामागे तीसहून जास्त मिनिटं खेळला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये निवडलेल्यांत नाव नाही. इंडियाना पेसर्सचा टू-वे करार मिळाला, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेपाच लाख डॉलर आणि अर्धा वेळ जी लीग या एन.बी.ए.च्या दुय्यम लीगमध्ये. वाबॅशकाठी, मिनिटं तर त्याला भरपूर मिळाली होती. खेळ कुठे वाढला?

शिवाजीनगर_कोर्ट

पुण्यातून लिहितोय, विद्यापीठ संघाकडून खेळलोय. आमच्याकडे लवकर जावं की उशिरा हा प्रश्नच येत नाही. चांगला खेळणारा रेल्वेत नाहीतर पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून चिकटतो आणि तिथून खेळतो. त्यात वाईट काही नाही, घर चालतं. पण प्रो होणं म्हणजे काय हे आम्हाला लांबूनच माहीत.

जवळून पाहिलं ते सतनाम सिंगच्या रूपाने. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच. २०१० मध्ये फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनच्या आय.एम.जी. अकॅडमीत गेला. २०१५ ला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. त्या रात्री आमच्या कोर्टवर अक्षरशः पेढे वाटले गेले. पण कॉलेज मधे नव्हतंच. प्रवेशासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता पुरी झाली नाही, म्हणून तो थेट ड्राफ्टला गेला. डॅलसच्या जी लीग संघात बाकावर दिवस काढले, एन.बी.ए.चा एकही सामना खेळला नाही, शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला.

ईडी कोणत्या शाळेतून पर्ड्यूला गेला माहीत आहे? त्याच आय.एम.जी. अकॅडमीतून. दोघं थोराड, दोघं परदेशी, दोघांची शाळा एक. एकाला चार वर्षं एका प्रशिक्षकाच्या हाताखाली रोज घडायला मिळाली, दुसऱ्याला ती मिळालीच नाहीत. ती पात्रता पुरी झाली असती तर सतनामचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. इथल्या अकॅडम्यांनी पोरांच्या अभ्यासाकडे याच कारणासाठी लक्ष द्यायला हवं, असं मी भेटेल त्याला सांगतो.

टीनेकवासी

सगळे प्रतिसाद वाचले. मी न्यू जर्सीत टीनेकला राहते. ज्या फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवलं त्यांचा कॅम्पस आमच्या भागातच आहे आणि आपली बरीच मुलं तिथे एम.एस. करतात. त्या रात्री इथे काय जल्लोष होता! वाबॅशकाठी, तुमचं दुःख समजू शकते, पण आमचा आनंद खराच होता.

माझी मुलगी हायस्कूलच्या संघात खेळते, म्हणून मुलींचं लिहिते. त्यांना हा पर्याय जवळपास नाहीच. डब्ल्यू.एन.बी.ए. या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या नियमाप्रमाणे अमेरिकन मुलीने ड्राफ्टच्या वर्षी २२ पूर्ण करावीत किंवा पदवी घेतलेली असावी. हेवूडचा निकाल मुलांना लागू झाला, मुलींचं तीन वर्षं थांबणं आजही गृहीत धरलंय. एन.बी.ए.त १९ आणि इथे २२, हे मला पटत नाही.

आणि पैशाचं चित्र उलटं. आयोवाच्या केटलिन क्लार्ककडे कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष शिल्लक होतं. तरी २९ फेब्रुवारी २०२४ ला तिने ड्राफ्टला जायचं जाहीर केलं. पहिल्या क्रमांकावर गेली, आणि पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर! जाहिरातींचे पैसे तर कॉलेजातही होतेच. म्हणजे ती पगारासाठी गेली नाही. आयोवात करायचं राहिलं नव्हतं म्हणून गेली. पेज बेकर्सचं राहिलं होतं, ती यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठात) थांबली, २०२५ ला जेतेपद घेतलं आणि मग गेली. दोघी पहिल्या क्रमांकावर. मला दोघींचंही बरोबर वाटतं.

एक विचारायचंय. मुलाला खरं कोण सांगतं? प्रशिक्षकाला तो संघात हवा असतो, एजंटला कमिशन हवं असतं, आणि घरच्यांना यातलं काही कळत नाही. डीन स्मिथसारखे किती असतात?

वाबॅशकाठी

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

@बॅकबोर्ड, शिबवेचं उदाहरण जोरदार आहे, पण तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. पहिल्या वर्षी १७ आणि १५, दुसऱ्या वर्षी १६.५ आणि १३.७. तो परत आला तो आधीचाच खेळ पुन्हा खेळायला. ईडी परत आला तो वजन उतरवून, दम वाढवून, जोडीदारांना पास काढून द्यायला शिकून. तेव्हा माझं वाक्य सुधारून घेतो: मिनिटं हवीत, आणि त्या मिनिटांत काय नवीन करायचं ते आधी ठरलेलं हवं.

दुसरा मुद्दा तुम्ही कोणी काढला नाहीत तो मीच काढतो. २०२३ हे पहिल्या क्रमांकावर गेलेल्या फ्रान्सच्या वेंबान्यामाचं वर्ष, वरच्या जागा दणकट पोरांनी भरलेल्या. २०२४ ची बॅच त्या मानाने पातळ, असं सगळेच म्हणत होते. ईडी नवव्या क्रमांकावर चढला त्यात याचाही वाटा आहे. कोणत्या वर्षी रांगेत उभं राहायचं हेही निर्णयातच येतं.

त्या वर्षाने त्याला काय दिलं ते एका सामन्यात दिसतं. ३१ मार्च २०२४, डेट्रॉइट, टेनेसीविरुद्ध. जिंकणारा फायनल फोरला जाणार. ईडी रिंगच्या डाव्या अंगाला पाठ करून उभा राहतो, पास येतो, चेंडू डोक्याच्या वर धरतो जिथे कोणाचा हात पोचत नाही, एक खांदा मारतो, वळतो आणि उजव्या हाताने हूक. दोन्ही दंडांना माणसं लटकलेली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ४० गुण, १६ रिबाउंड. समोर डाल्टन नेक्ट, तो तर पाचव्या वर्षाचा, ३७ गुण. शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं असताना नेक्ट रिंगखालून चेंडू टाकायला घुसला आणि ज्याला तीन वर्षं सगळे मंद म्हणत होते त्याने मागून पोचून तो अडवला. ७२-६६. आम्ही टीव्हीसमोर एकमेकांना मिठ्या मारत होतो.

अंतिम सामन्यात यूकॉनने आम्हाला ६०-७५ असं साफ हरवलं. तिथेही त्याचे ३७ गुण होते, आणि समोरचा डॉनोव्हन क्लिंगन दोनच वर्षं कॉलेजात काढून ईडीच्या दोन जागा वर, सातव्या क्रमांकावर गेला. @लेखाजोखा, हा मुद्दा तुम्हाला बिनशर्त देतो.

@सहावा_गडी, हमेलचं वाचून आजही पोटात तुटतं. पण मूर ५५ वा जाऊनही जवळपास दहा वर्षं एन.बी.ए.त टिकला, हेही लिहा. आणि पर्ड्यूचाच केलेब स्वॉनिगन? २०१६ ला ड्राफ्टला नाव दिलं, मागे घेतलं, पुढच्या वर्षी १८.५ गुण आणि १२.५ रिबाउंड, २०१७ ला २६ वा. बेघरांच्या निवाऱ्यांमधून वाढलेला मुलगा. त्याच्या बाबतीत थांबून पहिली फेरी आणि हमीचा पगार मिळाला. २०२२ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. कमावण्याची वर्षं किती असतात हे कोणालाच आधी कळत नाही, त्यामुळे तुमचा आणि लेखाजोखांचा मुद्दा मी कधीही हलका धरणार नाही.

लेखाजोखा

दिलखुलास उत्तर दिलंत. मीही अर्ध्या वाटेवर येतो.

२०२५ नंतर माझा हिशेबच बदललाय. ६ जून २०२५ ला कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, सगळे खेळ मिळून वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याचा परिणाम ड्राफ्टच्या यादीत लगेच दिसतो. कॉलेजची वर्षं पुरी होण्याआधी नाव देणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये ३५० च्या वर होती, २०२५ मध्ये १०६. याक्सेल लेंडेबोर्गला बरेच जण पहिल्या फेरीच्या शेवटाला धरत होते, तो नाव मागे घेऊन मिशिगनला गेला. दहा वर्षांपूर्वी त्याला मी वेडा म्हटलं असतं.

तेव्हा माझी सुधारित ओळ: पहिल्या दहा-बारात नक्की असाल तर एक दिवसही थांबू नका. पंचविसाव्याच्या पुढे असाल तर कॉलेजचा चेक आणि तक्ता शेजारी ठेवून बघा. दुसऱ्या फेरीत असाल आणि कॉलेज पैसे देत असेल तर थांबा. एफ-१ वाल्यांना मात्र हे दार अजून पूर्ण उघडलेलं नाही, ती चीड कायम आहे.

सहावा_गडी

आणि थांबणार असाल तर विमा काढा. वरच्या खेळाडूंसाठी अपंगत्वाचा विमा एन.सी.ए.ए.तर्फेच मिळतो. हे सांगायला प्रशिक्षक विसरतात, पालकांनी विसरू नये.

चॅपलहिलचे_काका

@टीनेकवासी, स्मिथसारखे थोडे असतात, पण आता फक्त प्रशिक्षकाच्या शब्दावर राहायची गरज नाही. एन.बी.ए.ची एक सल्लागार समिती आहे, खेळाडूने अर्ज केला की पहिली फेरी, दुसरी फेरी की काहीच नाही ते ती कळवते. शिकागोत मेमध्ये चाचणी शिबिर होतं, संघ स्वतः बोलावून खेळवून बघतात. हे सगळं करूनही मुदतीत नाव मागे घेतलं तर कॉलेजची पात्रता जात नाही. २०१८ पासून या काळात मान्यताप्राप्त एजंटचा सल्लाही घेता येतो.

टीनेकवासी

धन्यवाद काका. ही माहिती आमच्या शाळेच्या पालकांनाही सांगते, इथल्या दोन-तीन मुलांकडे कॉलेजांचं लक्ष आहे आणि घरचे अगदी गोंधळलेत.

वाबॅशकाठी

@टीनेकवासी, त्या पालकांना आणखी एक सांगा. समितीचं उत्तर आलं की ते घेऊन कॉलेजच्या प्रशिक्षकाकडे जायचं आणि विचारायचं: पुढच्या वर्षी तुम्ही याला कुठल्या जागेवर खेळवणार, आणि आज येत नाही असं काय शिकवणार? पर्ड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर हे ईडीला सांगू शकले असावेत असं त्याच्या पुढच्या वर्षाच्या खेळावरून वाटतं. २०२५ ला ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन तिघंही चौथ्या मोसमात त्यांच्याकडेच थांबले. उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र ड्राफ्ट नाहीतर दुसरं कॉलेज बघायचं. नाव मागे घेण्याची तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते, आणि कॉलेजची मुदत एन.बी.ए.च्या मुदतीच्या आधी संपते. ती तारीख आधी लिहून ठेवायला सांगा.